नॉबवरची खूण

विजयकुमारने रबराच्या पट्टीवर थाप मारली आणि तर्जनीने नॉब किंचित पुढे सरकवला. खाटेखाली ठेवलेल्या स्पीकरमधून ‘धूंऽऽ’ असा जाड आवाज निघाला, वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला आणि विरून गेला.

“नाई,” टिकाराम डोळे मिटूनच म्हणाले. “हा तं झुला झाला, जवाईबापू. पोरगं बसवा अन् हलवत राहा. ढोलकीवरचा हात असा नाई जात.”

“मग कसा जाते, मामाजी?”

टिकारामांनी ढोलकी मांडीवर ओढली. डावा तळहात पुडीवर पडला, क्षणभर थांबला आणि मग मनगट कातड्यावरून पुढे घसरलं. आवाज वाकला. दुखऱ्या जागी कुणाचा हात लागावा आणि माणसाने कण्हावं, तसा तो आवाज खोलीभर फिरला.

“ह्याले घिस्सा म्हणते. पाहा, आधी थाप. मंग जरासाक दम. मंग घिस्सा. लवकर दिला तं थाप मरते. उशिरा दिला तं कातडं विझून गेलेलं असते, मंग बोट घासत बसा नुसतं.”

विजयकुमारने ते वहीत लिहून घेतलं. टिकारामांनी दुसरा घिस्सा दिला, तिसरा दिला. दोन्ही नेमके पडले. चौथ्याला हात मध्येच कापला, मनगट कातड्यावर अडकलं आणि घिस्स्याऐवजी नुसती खरखर उमटली. त्यांनी डावा हात मांडीत घेतला आणि उजव्याने दाबून धरला.

“थंडी धरली हाताले,” ते म्हणाले.

मार्च संपत आला होता. रुआबांध्याच्या गल्लीतलं ऊन उंबऱ्यापर्यंत आत शिरलं होतं आणि ललिता पदराने कपाळ पुसतच चहा घेऊन आली. तिने बापाच्या हाताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. विजयकुमारने वहीत डोकं घातलं.

डबा तसा साधा होता. भिलाईच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन शॉपमध्ये मीटरचे काटे जागेवर आणण्यात विजयकुमारची बारा वर्षं गेली होती, त्यामुळे हात बसलेला होता. पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून आणलेले ट्रान्झिस्टर, एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने काढून टाकलेली लाकडी पेटी, पेटीवर सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे ताणून बसवलेले आणि प्रत्येकाखाली थाप पकडायला एकेक बारका स्पीकर. थाप पडली की आतला ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारी जोडणी, बोलायचा. पण त्याचं बोलणं सरळसोट, मडक्यावर गुद्दा मारल्यासारखं. त्याला वाकवायला विजयकुमारने दुसरा एक ऑसिलेटर जोडला होता. तो इतका संथ, की त्याचा स्वतःचा आवाज माणसाच्या कानाला येतच नाही. सेकंदाला एखादं-दुसरं आवर्तन, बस. पुस्तकात त्याला लो फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर म्हणतात. त्याला काम एकच, पहिल्याचा कान धरून त्याला वर-खाली ओढायचं.

टिकारामांना हे समजायला दोन मिनिटंही लागली नव्हती. त्यांनी दोघांची नावंही पाडून टाकली होती, मोठा आणि लहाना. “मोठ्याले कोन विचारते,” ते म्हणायचे, “खरा वाजवते तो लहानाच.” लहान्याला दोन नॉब होते. एक वेगाचा, एक खोलीचा. किती भरभर ओढायचं आणि किती लांबवर ओढायचं, एवढंच त्याच्या हातात होतं.

टिकारामांनी बशीत चहा ओतला. “पन हा डब्बा तुमी कोनासाठी बनवून राहिले?”

ललिता कप उचलता उचलता थांबली.

“असाच,” विजयकुमार म्हणाला. “शौक म्हणून.”

“हो. शौक पायजे माणसाले,” टिकाराम म्हणाले आणि फुंकर घालून चहा प्यायले.

शौक वगैरे काही नव्हता. गेल्या ऑक्टोबरात कुरुदला धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम होता. ‘प्रज्ञादीप गायन पार्टी’ तिथे गेली होती. बाबाराव हार्मोनियमवर आणि मुख्य गळाही त्यांचाच. ढोलकीवर टिकाराम, तीस वर्षं तेच. पाचव्या गाण्यात त्यांचा डावा हात कापायला लागला. आधी घिस्से गेले, मग लय गेली. पुढे बसलेली पोरं हसली, एकाने हात थरथरवून नक्कलही केली, आणि बाबारावांनी हार्मोनियमचा भाता जोरात हाणत कसंबसं गाणं पैलतीराला नेलं. टिकारामांनी उरलेली गाणी उजव्या हातावर काढली.

जानेवारीत बाबारावांच्या अंगणात पार्टीची बैठक झाली. बाबासाहेबांची यंदाची जयंती शंभरावी होती. मोठा मंच, नागपूरहून पाहुणे, चार-चार भोंगे. टिकारामांना बैठकीचा निरोप गेला नव्हता.

“टिकारामभाऊचा हात आता भरोशाचा नाही राहिला,” बाबाराव म्हणाले. “विजय, तू ते विजेचं यंत्र बनवतो म्हणून राहिला होता ना? बनव. तूच वाजव. अन् जवाई तू आहे, तं तूच त्यायले सांगून दे. तुले ते नाही म्हणणार नाहीत.”

बाबारावांनी नेमकी नस पकडली होती. सासरा जावयापुढे ‘का’ म्हणून विचारत नसतो. विजयकुमारने चारचौघांत मान हलवली आणि हे घोंगडं आपल्या गळ्यात घेतलं.

तेव्हापासून दर रविवारी तो स्कूटरवर पेटी बांधून, मागे ललिताला बसवून, सांगायला म्हणून रुआबांध्याला यायचा. आल्यावर वाटायचं, आधी घिस्सा जमू दे. घिस्सा काही जमत नव्हता, आणि जमवण्यासाठी भिलाईत एकच माणूस शिकवू शकत होता. तो माणूस समोर बसून, आपली तीस वर्षांची विद्या एकेक बोट करून उलगडून दाखवत होता. विजयकुमारला स्वतःची शिसारी यायची. आपण ज्याच्या घरात चोरी करतोय तोच दिवा धरून उभा आहे, असं वाटायचं. आणि तरी पुढच्या रविवारी वही घेऊन स्वारी हजर.

“सांगतलं का?” त्या संध्याकाळी क्वार्टरवर परतल्यावर ललिताने विचारलं. चहाच्या वेळी ती तिथेच होती, पण मागच्या पडवीत भांडी घासत असताना तरी काही बोलणं झालं असेल अशी तिला आशा होती.

“आज मौका नाही भेटला.”

“तीन महिने झाले, तुमाले मौकाच नाही भेटून राहिला. बाबांनी नवी पुडी चढवली ढोलकीले. जॅकेट शिवाले टाकलं. गल्लीभर सांगून राहिले, शंभरावी जयंती अन् माझ्या ढोलकीचं एकतिसावं वरीस.”

“पुढच्या इतवारी सांगतो. पक्कं.”

“मी सांगू का?”

“नको. मलेच सांगाले लावलं आहे.”

ललिता कणीक मळत होती.

“आई गेली तवा रडले नव्हते ते,” ती म्हणाली. “कुरुदवरून आले त्या दिवशी रडले. मले दार लावून घे म्हणे. हे लवकर सांगा, जी. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तं मेल्याहून मेल्यासारखं होईन त्यायले.”

विजयकुमार उठून पेटीचं झाकण काढून बसला. हे त्याला बरं जमायचं. माणसाशी बोलायची वेळ आली की तो तारांशी बोलायला लागायचा.

लहान्याने त्याला रडकुंडीला आणलं होतं. लहाना आपल्याच तंद्रीत गोल फिरायचा, थाप कधी पडली याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्यामुळे एक थाप वर चढायची, दुसरी खाली बुडायची, तिसरी अधांतरी लोंबकळायची. मग विजयकुमारने तार अशी फिरवली, की थाप पडली की लहान्याने मुकाट्याने सुरुवातीला येऊन उभं राहायचं. आता प्रत्येक थाप सारखी झाली. इतकी सारखी, की टिकारामांनी चार थापा ऐकून हात जोडले. “कवायत आहे ही,” ते म्हणाले. चौकोनी लहर लावून पाहिली, तर ॲम्ब्युलन्स आल्यासारखं वाटलं. शेवटी वहीतल्या त्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. आधी थाप, मग जरासा दम. त्याने लहान्याच्या वाटेत एक छोटा अडसर घातला. थापेनंतर क्षणभर थांबायचं, मग ओढायला लागायचं, आणि ओढता ओढता दमून जायचं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तो पेटीबरोबर एक कॅसेटही घेऊन गेला. अठ्ठ्याहत्तर सालच्या जयंतीची. पार्टीतल्या कुणीतरी टेपरेकॉर्डर मंचाखाली ठेवून भरलेली. बाबारावांचा तेव्हाचा कोवळा गळा, टाळ्या, आणि त्या सगळ्याखालून एक ढोलकी, अशी भरलेली, अशी निश्चिंत, की ललितासुद्धा हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

टिकाराम खाली मान घालून ऐकत होते.

“कोन आहे हा?” त्यांनी विचारलं.

“तुमीच, मामाजी. अठ्ठ्याहत्तरचं आहे.”

“हं.” गाणं संपल्यावर म्हणाले, “चांगला हात होता बुवा.” गल्लीतल्या एखाद्या गेलेल्या शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं.

मग ते खाली उतरून पेटीजवळ बसले आणि त्यांनी पहिल्यांदाच नॉबला हात लावला. उजव्या हाताने वेगाचा नॉब मागे, मागे, अगदी एक आणि दोनच्या मधोमध आणला. खोली सहावर नेली. “मारा.” विजयकुमारने थाप मारली. आवाज पडला, थांबला, आणि मग सावकाश खाली घसरत गेला. कॅसेट पुन्हा लावली. डोळे मिटले तर टेपमधला कुठला आणि पेटीतला कुठला, सांगता आलं नसतं.

“जमलं!” विजयकुमार ओरडलाच. त्या एका क्षणात तो हे सगळं कशासाठी चाललंय ते साफ विसरून गेला होता. त्याने सासऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले. डावा हात त्याच्या मुठीत थरथरत होता, एखाद्या पकडलेल्या चिमणीसारखा. त्याने तो सोडून दिला.

टिकाराम एकेक थाप देत राहिले. दहा, वीस, पंचवीस. “जवाईबापू, हा डब्बा पाच-सहा रोज माझ्यापाशी राहू द्या. एकटा बसून ऐकीन म्हणतो.”

“राहू द्या की.”

निघताना ललिता पुढे जाऊन स्कूटरपाशी उभी राहिली, मुद्दामच. टिकाराम दारापर्यंत पोचवायला आले.

“पार्टीचा सराव कवापासून आहे?” त्यांनी विचारलं.

सराव सुरू होऊन दहा दिवस झाले होते. याहून चांगला मौका कुणी ताटात वाढून दिला नसता. विजयकुमारने चपलेत पाय घातला, काढला, पुन्हा घातला.

“निरोप पाठवतो, मामाजी.”

“बरं,” टिकाराम म्हणाले. “पाठवा.”

नेहरू नगरच्या वळणावर हायवेवरचे ट्रक जाईपर्यंत थांबावं लागलं, तेव्हा ललिताने विचारलं, “नाई ना?” त्याने स्कूटरचा गिअर टाकला.

तो आठवडा त्याने असाच काढला. बाबारावांनी पेटी कुठे आहे म्हणून विचारलं तेव्हा, दुरुस्तीला उघडलीय म्हणून सांगितलं. एक खोटं मागे होतंच, त्याला सोबत झाली. शनिवारी, जयंतीच्या आदल्या दिवशी, पहिली पाळी संपवून तो कारखान्यातून थेट रुआबांध्याला गेला. आज सांगायचंच. वाक्यही तयार होतं. स्कूटरवर त्याने ते चारदा म्हणून पाहिलं.

गल्लीत निळ्या पताका लागल्या होत्या. शेजारच्या गयाबाई आपल्या घराच्या चौकटीला निळा रंग देत होत्या. टिकारामांच्या दाराला नुसती कडी होती.

“कटिंगले गेले तुमचे मामाजी,” गयाबाई ब्रश हातात धरूनच म्हणाल्या. “जा, बसा आत. डब्बा घेऊन जा म्हणून सांगून गेले. अन् सांगतलं, जवाईबापूंले म्हणा, डब्बा आता माझ्यासारखा वाजते. नॉबले हात लावू नका म्हणावं.”

विजयकुमार आत गेला. खुंटीला नवं जॅकेट इस्त्री करून लावलेलं होतं. खाटेवर पेटी होती, धुतलेल्या पंच्याने झाकलेली. आणि भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खिळ्याला, ढोलकी टांगलेली होती.

आधी त्याला ते लक्षात आलं नाही. मग दिसलं. ढोलकीच्या सगळ्या कड्या खाली सरकवलेल्या होत्या. दोऱ्या सैल, मधून लोंबलेल्या. त्याने बोटाने पुडीवर टिचकी मारली, तर ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला. कार्यक्रम झाल्यावर वाजवणारा माणूस कड्या उतरवतो, कातड्याला विसावा म्हणून. आदल्या दिवशी कुणी उतरवत नाही. नवी पुडी एकदा सैल झाली की पुन्हा सुरावर यायला दोन-दोन दिवस घेते, हे सासऱ्यानेच त्याला सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात.

म्हणजे सांगायचं काही उरलंच नव्हतं. जे वाक्य तो तीन महिने तोंडात घोळवत होता, ते त्याच्या वतीने सासऱ्याने स्वतःच्या हाताने सोडवून खिळ्याला टांगलं होतं.

तो खाटेवर टेकला. पेटीवरचा पंचा काढला. वेगाचा नॉब एक-दोनच्या मधे नव्हता. तो पाचाच्या पुढे होता, आणि खोलीचा अगदी खाली, दीडवर. कुणाचा धक्का लागला असेल म्हणून तो नॉब जागेवर आणणार, तेवढ्यात त्याला रेघ दिसली. दोन्ही नॉबांपाशी, ते जिथे होते नेमक्या तिथे, पेटीच्या लाकडावर निळ्या रंगाची बारीक रेघ ओढलेली होती. गयाबाईंकडचाच रंग असणार. रेघ वाकडी होती. ओढताना हात कापलेला दिसत होता.

त्याने वायर जोडली आणि थाप मारली. आवाज पडला, क्षणभर थांबला, आणि मग थरथरला. बारीक, भरभर, एकसारखा. कॅसेटमधला हात नव्हता तो. कुरुदचा होता. कालचा, परवाचा, त्याच्या मुठीत फडफडलेला.

विजयकुमारने वायर काढून गुंडाळली. थांबलं तर मामाजी अर्ध्या तासात येतील. समोरासमोर निदान माफी तरी मागता येईल. बाहेर गयाबाईंचा ब्रश चौकटीवरून खसखस फिरत होता. तो उठला, पेटी उचलली आणि स्कूटरला बांधली. सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची त्याला फार लाज वाटली. उद्या कार्यक्रम झाला की सांगू, त्याने ठरवलं. उद्या नक्की.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदान निळंशार झालं होतं. टेंटवाल्याच्या लोखंडी खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या आणि उरलेली माणसं सतरंज्यांवर बसली होती. तिसऱ्या रांगेत कडेला टिकाराम होते. नवं जॅकेट, ताजी कटिंग, दाढी इतकी गुळगुळीत की गाल ओढलेले वाटत होते. शेजारी ललिता. मंचावर चढण्याआधी विजयकुमार त्यांच्यासमोर गेला, जावंच लागलं.

“जयभीम, मामाजी.”

“जयभीम. डब्बा आणला ना?”

“हो.”

“मंग झालं,” टिकाराम म्हणाले. डावा हात त्यांनी जॅकेटच्या खिशात ठेवला होता.

मंचावर पेटी जोडली. नॉब दोन्ही निळ्या रेघेवरच होते. विजयकुमारने माइक जवळ ओढला आणि तपासायला म्हणून एक थाप दिली. चारही भोंग्यांतून ती थरथरत मैदानावर गेली.

बाबाराव हार्मोनियमवरून गर्रकन वळले. “हे काय कापून राहिलं?”

“असंच आहे ते. असंच ठेवायचं आहे.”

“कावून? कुरुद विसरला का तू? पाहुणे बसले आहेत समोर. सरावात सरळ वाजत होतं ना? कर सरळ.”

“बाबारावभाऊ, मामाजींनी...”

“कोण मामाजी? विजय, शंभरावं वर्ष आहे. हसं झालं तं तोंड दाखवाले जागा नाही उरणार. कर लवकर, माइक चालू आहे.”

माइक खरंच चालू होता. ‘माइक चालू आहे’ हे शब्द भोंग्यांतून बाहेर गेले आणि पुढची पोरं हसली. एका गाण्यापुरतं, विजयकुमारने स्वतःला सांगितलं. बाबारावांचं मन राहू दे. दुसऱ्या गाण्याला परत रेघेवर आणू. त्याने नॉब मागे घेतला. पाच, चार, तीन. एक-दोनच्या मधे. खोली सहा.

“आता कसं,” बाबाराव म्हणाले आणि त्यांनी सूर धरला.

गाणं उठलं. घिस्से असे पडत होते, की दुसऱ्या कडव्यालाच मैदानाने टाळ्यांचा ठेका धरला. पाहुण्यांतले एक गृहस्थ मान डोलावत होते. विजयकुमारने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही. खाली मान घालून तो वाजवत राहिला, आणि अठ्ठ्याहत्तर सालचा तो भरदार, निश्चिंत हात त्याच्या बोटांखालून मैदानभर पसरत राहिला.

दुसऱ्या गाण्याची लय फार चढी होती, मध्ये नॉब फिरवायला सवड नव्हती. तिसऱ्याच्या आधी बाबाराव त्याच्याकडेच पाहत होते. चौथ्याला लोकांनी ‘वन्स मोअर’ दिला. पाचवं सुरू झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, कुरुदला जे पाचवं होतं तेच हे. त्याचा हात नॉबपर्यंत गेला. नको, हेच नको, म्हणून परत आला. असं करता करता नऊ गाणी झाली.

शेवटचं गाणं संथ होतं. बाबाराव असल्या गाण्यांना डोळे मिटून गात. विजयकुमारने दोन्ही नॉब धरले आणि निळ्या रेघांवर आणून ठेवले. मग थाप दिली.

आवाज पडला, थांबला, थरथरला. बाबारावांचा एक डोळा उघडला आणि मिटला. गाण्यात तो थरथराट काही वावगा वाटत नव्हता. पुढची पोरंसुद्धा हसली नाहीत. उलट सतरंजीवरची एक म्हातारी बाई हळूच डोळे पुसताना दिसली. हे पहिल्या गाण्यालाही चाललं असतं. सगळीकडे चाललं असतं. आज पहिल्यांदा विजयकुमारने मान वर करून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

ललिता बसलेली होती, ताठ. तिच्या शेजारची लोखंडी खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून तिने तिच्यावर आपली पिशवी ठेवली होती.

ती त्याच्याकडेच बघत होती. थाप न चुकवता त्याने हनुवटीनेच विचारलं, केव्हा?

ललिताने एक बोट वर केलं. पहिलं गाणं.

बोट खाली करून तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाबाराव पुढच्या कडव्याला वळले होते. विजयकुमारने थाप मारली आणि शिकवल्याप्रमाणे जरासा दम घेतला. अजून दोन कडवी बाकी होती.